गिरिसाहस : हौस आणि शिस्त

(शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत, पलासिया, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. शाळा आपल्या शिक्षकाचे स्मरण पुतळ्याने न करता विचाराने करते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले की, आल्प्स पर्वतातील साहसी उपक्रम हा काय स्मृतिव्याख्यानाचा विषय झाला? डोंगर चढणे, बर्फावर घसरणे, छत्री बांधून हवेत तरंगणे, या सुटीतल्या गोष्टी; व्यासपीठावर त्यांचे काय काम? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आरंभीच दिले पाहिजे.

पलासियाच्या आपल्या वस्तीत आता युरोपची सहल ही नवलाई राहिलेली नाही. कोणाचा मुलगा म्युनिकला असतो, कोणाची मुलगी झुरिकला. उन्हाळ्याच्या सुटीत आजी-आजोबा नातवंडांकडे जातात आणि परतताना हिमशिखरांची छायाचित्रे घेऊन येतात. पूर्वी या सहलीत शिखर दुरून पाहणे एवढाच कार्यक्रम असे. आता सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतच साहसी उपक्रमांची यादी असते, तिच्यापुढे दर लिहिलेला असतो आणि आपल्या घरातली तरुण मुले ती यादी उपाहारगृहाच्या पदार्थपत्रिकेप्रमाणे वाचतात. दुसरीकडे, कोठे एखाद्या सहलीत दुर्घटना घडली की आपण पालक मंडळी एकमुखाने म्हणतो, 'बंद करा या सहली.' पैसे मोजून साहस विकत घेणे आणि भिऊन साहस बंद करणे, अशा दोन टोकांच्या मध्ये आपली मुले वाढत आहेत. या दोहोंखेरीज तिसरा मार्ग आहे, तो शिकण्याचा आहे, आणि शिकण्याची गोष्ट शाळेत बोलायची नाही तर कोठे बोलायची?

प्रथम थोडा इतिहास पाहू. आल्प्सच्या खोऱ्यांत राहणारा माणूस शतकानुशतके शिखरांना भीत आला. वरती भुतेखेते राहतात, अशी समजूत होती. १७६० मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या तरुण विद्वानाने माँ ब्लाँ या सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या शिखराची वाट शोधून काढणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ते बक्षीस जिंकायला सव्वीस वर्षे लागली. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनी गावचे दोघे जण माथ्यावर पोहोचले. एक झाक बाल्मा, जो डोंगरात स्फटिक शोधून विकत असे. आणि दुसरा मिशेल पाकार, जो त्याच गावचा डॉक्टर होता. दोघेही त्याच मातीतले होते. पुढच्याच वर्षी सोस्यूर स्वतः वर गेला, पण गेला तो स्थानिक वाटाड्यांच्या मागून.

या वाटाड्यांची पुढे १८२१ मध्ये शामोनीत रीतसर संघटना झाली, आणि ती होण्याचे कारण एक अपघात होता. १८२० मध्ये माँ ब्लाँच्या एका मोहिमेत हिमस्खलनाखाली तीन वाटाडे गाडले गेले. हवा बिघडलेली असतानाही मोहीम पुढे रेटली गेली होती. त्या दुःखातून गावाने शहाणपण घेतले. वाटाड्यांची पात्रता आणि त्यांच्या पाळ्या यांचे नियम झाले. पर्वतात वाटाड्याचा शब्द मानायचा, ही रीत रुजली. गावाने डोंगर बंद केला नाही. डोंगरावर जाण्याची शिस्त बसवली.

दुसरा प्रसंग मॅटरहॉर्नचा. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर आणि त्याचे सहा साथीदार या ४,४७८ मीटर उंचीच्या सुळक्याच्या माथ्यावर पहिल्यांदा पोहोचले. उतरताना एकोणीस वर्षांच्या हॅडो नावाच्या तरुणाचा पाय घसरला. त्याला अशा चढाईचा अनुभव फारच थोडा होता. त्याच्या धक्क्याने खालचा अनुभवी वाटाडा क्रो पडला आणि एकाच दोरात बांधलेले आणखी दोघे ओढले गेले. वरच्या तिघांना वाचवले ते तुटलेल्या दोराने. नंतर आढळले की ज्या ठिकाणी दोर तुटला, तेथे सोबतच्या दोरांपैकी सर्वांत कमजोर दोर बांधलेला होता. तो तुटका दोर आजही झेरमाटच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. विजयाचा झेंडा जपण्याऐवजी त्या गावाने तुटलेला दोर जपला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. शिखरावर पोहोचणे ही अर्धी मोहीम होय. उरलेली अर्धी उतरण्याची असते.

मुलींनो, तुमच्यासाठी हेही सांगितले पाहिजे की, त्याच मॅटरहॉर्नवर अवघ्या सहा वर्षांनी, १८७१ मध्ये, ल्यूसी वॉकर ही स्त्री चढून गेली, आणि तीही त्या काळच्या पायघोळ पोशाखात.

आता आजच्या उपक्रमांकडे वळू. आल्प्सच्या सहलीत काय काय करून पाहावे, असे मला कोणी विचारले तर मी एक क्रम सांगतो. पहिली गोष्ट चालणे. युंगफ्राउयोखला ३,४५४ मीटरवर नेणारी आगगाडी १९१२ पासून चालते आणि आपली बहुतेक मंडळी तिच्यातून वर जाऊन, बर्फाचा गोळा एकमेकांना मारून, खाली येतात. त्यात गैर काही नाही. परंतु त्याच खोऱ्यात एक दिवस पायी हिंडावे. स्वित्झर्लंडमध्ये खुणा केलेल्या पायवाटांचे जाळे सुमारे ६५,००० किलोमीटरचे आहे. १९७९ मध्ये तेथील नागरिकांनी सार्वमत घेऊन पायवाटांच्या जपणुकीला राज्यघटनेत स्थान दिले. ज्या देशात पायवाट ही घटनेतील गोष्ट आहे, तेथे चालण्याचा मान केवढा असेल याची कल्पना करा.

या पायवाटांचे तीन प्रकार आहेत. पिवळी खूण म्हणजे कोणालाही जाता येईल अशी वाट. पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची वाट डोंगरी. तेथे पाय खंबीर हवा, बूट चांगले हवेत आणि उंचीची भीती नको. पांढरी-निळी-पांढरी खूण असेल तर ती वाट हिमनदीतून, घसाऱ्यावरून किंवा कातळावरून जाणारी. तेथे दोर आणि कसब दोन्ही लागतात. शिवाय तेथील पाट्यांवर पुढच्या गावाचे अंतर लिहिलेले नसते, तर चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो. डोंगरात किलोमीटरला अर्थ नाही. अर्थ असतो तो चढाला आणि उजेड किती उरला आहे याला.

हा हिशेब विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सूत्रात मांडला. सपाटीला तासाला पाच किलोमीटर धरावे आणि चढाच्या प्रत्येक सहाशे मीटरला एक तास वाढवावा. गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्यांनी काळ-काम-वेगाच्या गणितांत हौदाच्या तोट्यांच्या जोडीला हेही गणित घालावे.

दुसरी गोष्ट लोखंडी वाटेची. इटलीतल्या डोलोमाइट पर्वतांत पहिल्या महायुद्धात, १९१५ नंतर, इटालियन आणि ऑस्ट्रियन सैनिकांनी उभ्या कातळांवर शिड्या आणि लोखंडी तारा ठोकल्या. युद्ध संपले, वाटा उरल्या. आणि आज हजारो पर्यटक त्यांच्यावरून आनंदाने जातात. कमरेला हार्नेस असतो, त्याला दोन दोऱ्या आणि दोन कॅराबिनर. तार जेथे खडकात रोवलेली असते तेथे एक कॅराबिनर काढून पुढे लावायचा आणि मगच दुसरा काढायचा. दोन्ही एकाच वेळी कधीही सोडायचे नाहीत. एवढा एकच नियम, पण तो दिवसातून शेकडो वेळा पाळायचा असतो. कंटाळा आला तरी पाळायचा, कोणी पाहत नसले तरी पाळायचा. शिस्तीची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही.

तिसरी गोष्ट हिमनदीवरची पदयात्रा. आल्प्समधील सर्वांत लांब असलेली आलेच हिमनदी सुमारे वीस किलोमीटर लांब आहे. हिमनदीवर एकट्याने जायचे नसते. वाटाडा सर्वांना एका दोरात बांधतो, बुटांना पोलादी दातांचे क्रॅम्पॉन लावले जातात आणि हातात हिमकुऱ्हाड असते. नव्या बर्फाखाली खोल भेगा दडलेल्या असतात आणि वरचा पांढरा गालिचा कोठे पोकळ आहे हे नवख्या डोळ्यांना कळत नाही. दोर ताणलेला राहील इतके अंतर ठेवून चालायचे. पुढचा थांबला की आपण थांबायचे. माझा जीव दुसऱ्याच्या सावधपणावर आणि त्याचा माझ्या सावधपणावर अवलंबून आहे, हे तेथे पावलोपावली जाणवते.

ज्यांना हा अनुभव घ्यायचा आहे त्यांनी तो फार लांबणीवर टाकू नये. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांचे सुमारे दहा टक्के बर्फ वितळून गेले. २८ मे २०२५ रोजी तेथील ब्लाटेन हे खेडे खडक आणि बर्फाच्या लोंढ्याखाली गाडले गेले. परंतु डोंगर हलतो आहे हे शास्त्रज्ञांनी आधीच ओळखले होते. गावातील सुमारे तीनशे रहिवाशांना काही दिवस अगोदरच बाहेर काढण्यात आले होते, म्हणून एवढ्या मोठ्या प्रलयातही गावकरी वाचले. निसर्गाकडे नियमाने पाहत राहणाऱ्याला तो पुष्कळदा आधी सूचना देतो.

चौथी गोष्ट बर्फावरची आणि पाचवी हवेतली. स्कीइंग शिकायचे तर पहिले दोन-तीन दिवस प्रशिक्षकाकडे लहान मुलांच्या उतारावर काढावेत. तेथे सर्वांत आधी थांबायचे कसे हे शिकवतात, धावायचे कसे हे नंतर. आखून दिलेल्या उतारांबाहेरच्या अस्पर्श बर्फावर मात्र नवख्याने जाऊच नये. हिमस्खलनाचा धोका किती, हे दावोसची संस्था पाच पायऱ्यांच्या मापाने हिवाळ्यात रोज जाहीर करते. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढला तरच वाचण्याची खरी आशा असते. बाहेरची मदत एवढ्या वेळात सहसा पोहोचत नाही. जो काही वाचवणार तो सोबतीच.

पॅराग्लायडिंगचा उगम १९७८ मध्ये फ्रान्समधील म्येसी या आल्प्सच्या गावी झाला. नवख्याने ते परवानाधारक वैमानिकाबरोबर, एकाच छत्राखाली दोघांनी बसून करावे. सकाळची हवा शांत असते. दुपारी खोऱ्यातले वारे उठतात आणि 'फ्योन' नावाचा कोरडा उष्ण वारा सुटला की उड्डाणे थांबवली जातात. उड्डाण रद्द झाले म्हणून हिरमुसलेले प्रवासी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना मला सांगावेसे वाटते, की ज्या वैमानिकाने 'आज नाही' असे सांगितले, त्याला त्या दिवसाची मिळकत सोडावी लागली. असा माणूस भेटला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच परत जावे.

आता सहावी गोष्ट पाण्याची, आणि हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. आल्प्समध्ये 'कॅनिअनिंग' नावाचा प्रकार चालतो. अरुंद घळीतून वाहणाऱ्या ओढ्यात उतरायचे, कोठे पोहत, कोठे घसरत, कोठे दोरावरून धबधबा उतरत खालच्या तोंडाशी बाहेर पडायचे. २७ जुलै १९९९ रोजी इंटरलाकेनजवळच्या झाक्सेटेन ओढ्यात असे पर्यटकांचे गट उतरले होते. वरच्या खोऱ्यात वादळी पाऊस कोसळला. घळीत पाण्याची भिंत आली आणि एकवीस माणसे दगावली, त्यांत तिघे वाटाडेही होते. ज्या कंपनीने हा उपक्रम आखला तिच्या जबाबदार व्यक्तींवर खटला झाला आणि २००१ मध्ये त्यांना दोषी ठरवण्यात आले. पुढे देशाने याविषयी स्वतंत्र कायदा केला. १ जानेवारी २०१४ पासून असे धोक्याचे उपक्रम व्यवसाय म्हणून चालवणाऱ्याला परवाना आणि विमा बंधनकारक झाला.

श्रोतेहो, ही कथा दूरदेशीची वाटते काय? मग आपल्या पाताळपाणीची आठवण करा. महूजवळ चोरल नदी जेथे सुमारे तीनशे फूट खाली झेप घेते, ते ठिकाण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. जुलै २०११ मध्ये त्या धबधब्याच्या माथ्यावर, पात्रातल्या खडकांवर सहलीला आलेली मंडळी उभी होती. पाणी अचानक वाढले, पाच जण मध्येच अडकले, काठावरचे लोक पाहत राहिले, आणि लोंढा त्यांना कड्यावरून घेऊन गेला. पाचांपैकी सर्वांना वाचवता आले नाही. ते दृश्य देशभर दाखवले गेले.

आणि तीन वर्षांनी, ८ जून २०१४ रोजी, हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यात ब्यास नदीच्या पात्रात छायाचित्रे काढायला उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे चोवीस विद्यार्थी आणि सहलीचा एक संयोजक वाहून गेले. तेथे पाऊस नव्हता. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले होते.

झाक्सेटेन, पाताळपाणी आणि ब्यास या तीन ठिकाणांमध्ये हजारो मैलांचे अंतर आहे. परंतु कारण एकच. जेथे माणसे उभी होती तेथे धोका दिसत नव्हता. तो वर, दृष्टीच्या पलीकडे तयार होत होता. आकाश आपल्या डोक्यावर निरभ्र असले तरी नदीचे आकाश निराळे असते. पाणी गढूळ होऊ लागले, काड्या-पाने वाहून येऊ लागली, आवाज बदलला, की क्षणभरही न थांबता काठ चढायचा, हे ज्ञान कोणत्याही तिकिटाबरोबर मिळत नाही. उपकरणे भाड्याने मिळतात, वाटाडा मोबदला देऊन मिळतो; पण केव्हा परतायचे याची समज स्वतःच्या अंगी बाणवावी लागते, आणि ती लहानपणी, जवळच्या डोंगरात, अनेक वर्षे हिंडूनच बाणते. आजच्या व्याख्यानात मला सांगायचे आहे ते एवढेच.

म्हणूनच, साहसी उपक्रम घरातल्या मुलांसाठी निवडताना पालकांनी काही प्रश्न विचारावेत असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. वाटाड्याजवळ परवाना आहे काय? एका वाटाड्यामागे माणसे किती? हवामानाचा अंदाज आज कोणी पाहिला आहे? कार्यक्रम रद्द झाला तर पैसे परत मिळतात काय? हा शेवटचा प्रश्न काटकसरीचा वाटतो, पण तो सुरक्षिततेचा आहे; कारण पैसे बुडणार असतील तर माणूस हट्टाने पुढे जातो. आणि आपला प्रवासी विमा काढताना त्यातील बारीक अक्षरे वाचावीत. व्हिसासाठी काढलेल्या साध्या विम्यात साहसी खेळ पुष्कळदा वगळलेले असतात.

आणखी एक खूण प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ करावी. पर्वतात संकटात सापडल्यास मिनिटाला सहा वेळा शिटी वाजवावी किंवा विजेरी दाखवावी, एक मिनिट थांबावे, पुन्हा सहा वेळा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येते. हेलिकॉप्टर दिसल्यास दोन्ही हात वर पसरले की 'मदत हवी' असा अर्थ होतो; एक हात वर आणि एक खाली असेल तर 'नको'. स्वित्झर्लंडची हवाई बचाव संस्था १९५२ पासून काम करते आणि ती मुख्यतः लक्षावधी सामान्य नागरिकांच्या वार्षिक वर्गणीवर चालते.

आता आल्प्समधून हिमालयाकडे येऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे पाय आधी तिकडेच वळणार. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. आल्प्समध्ये दिवसा उंचावर जाऊन रात्री खोऱ्यातल्या गावात उतरता येते. हिमालयात उंचीवरच मुक्काम करावा लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि लेह साडेतीन हजारांवर. विमानाने गेलेला माणूस दीड-दोन तासांत ही उंची गाठतो. त्याच्या रक्ताला मात्र तिची सवय व्हायला दिवस लागतात. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, हा वैद्यकाचा नियम आहे. डोके दुखू लागले, मळमळ सुरू झाली तर आणखी वर जायचे नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागू लागली तर रात्र असो वा दिवस, खाली उतरायचे. येथे बहादुरी कामाची नाही. तरुण आणि धट्टाकट्टा माणूसही या नियमाला अपवाद नसतो.

शिकण्याची सोय आपल्या देशात उत्तम आहे. दार्जिलिंगची संस्था एव्हरेस्टच्या पहिल्या चढाईनंतरच्या वर्षी, १९५४ मध्ये, स्थापन झाली आणि खुद्द तेनसिंग नोर्गे तेथे क्षेत्रीय प्रशिक्षणाचे पहिले संचालक होते. मनालीची संस्था १९६१ ची, उत्तरकाशीची १९६५ ची. सुमारे चार आठवड्यांच्या प्राथमिक अभ्यासक्रमात उत्तम श्रेणी मिळाल्यावाचून प्रगत अभ्यासक्रमाला प्रवेश मिळत नाही. आणि प्रशिक्षण घेतले म्हणजे पर्वत वश झाला, असेही कोणी समजू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या संस्थेची प्रशिक्षणार्थी तुकडी हिमस्खलनात सापडली आणि जाणत्या प्रशिक्षकांसह पंचवीसहून अधिक जीव गेले. ज्ञानाने धोका कमी होतो, संपत नाही. एवढी नम्रता पर्वतात जाणाऱ्याजवळ हवी.

मराठी माणसाने ही विद्या सह्याद्रीत मिळवली. कळसूबाईचे शिखर अवघे १,६४६ मीटर उंच. बर्फाचा कणही नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तरुणांनी गडकोटांच्या वाटा तुडवल्या, कड्यांवर प्रस्तरारोहणाचे धडे गिरवले आणि १८ मे १९९८ रोजी सुरेंद्र चव्हाण यांनी हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेतून एव्हरेस्टवर पाऊल ठेवले. १९ मे २०१२ रोजी पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे आठ गिर्यारोहक, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, त्याच माथ्यावर पोहोचले. त्यामागे लोकवर्गणी होती आणि अनेक वर्षांची तयारी होती. आपल्या मध्य प्रदेशच्या मेघा परमार आणि भावना डेहरिया यांनीही मे २०१९ मध्ये ते शिखर गाठले. एक सीहोर जिल्ह्यातील, दुसरी छिंदवाडा जिल्ह्यातील. दोघींच्याही घराजवळ हिमशिखर नव्हते.

पण मला याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात बस खोल दरीत कोसळली, तेव्हा दोर लावून दरीत उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूर परिसरातील गिर्यारोहक. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा पावसात, चिखलात, वाहन न पोहोचणाऱ्या त्या वाडीत मदतीला धावलेल्यांत डोंगरात हिंडणारे तरुण होते. हौसेसाठी शिकलेली दोराची गाठ समाजाच्या कामी आली. ज्या शिक्षणाचा शेवट दुसऱ्याच्या मदतीत होतो, त्याला खेळ म्हणून बाजूला सारता येणार नाही.

आता या शाळेने काय करावे? मी एक सूचना मांडतो. ती मान्य व्हावीच असा आग्रह नाही. मोठ्या सहलीची जाहिरात करण्याआधी लहान वाटांचा चार वर्षांचा क्रम आखावा. आरंभ जानापावपासून व्हावा. हा आपला डोंगर सुमारे साडेआठशे मीटर उंचीचा आहे. येथे चंबळ उगम पावते आणि तिचे पाणी उत्तरेकडे यमुनेला मिळते. याच रांगेच्या दक्षिण उतारावरचे पाणी चोरलेतून नर्मदेला जाते. आल्प्समध्ये गोटहार्डच्या परिसरातून ऱ्हाइन उत्तर समुद्राकडे आणि ऱ्होन भूमध्य समुद्राकडे निघते, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचून मुलांना जे कळत नाही, ते जानापावच्या माथ्यावर उभे राहिल्यावर कळेल. पहिल्या वर्षी मुलांनी नकाशावरील समोच्च रेषा वाचाव्यात, वेळेचा अंदाज आधी वहीत लिहावा आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहावा.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात, काठापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून, चोरलेचे पाणी पाहावे. वर पाऊस केव्हा झाला आणि खाली पाणी केव्हा वाढले याची नोंद ठेवावी. पाताळपाणी ते कालाकुंड हा रेल्वेचा घाट होळकरांच्या आर्थिक साहाय्याने एकोणिसाव्या शतकात झाला. त्याच्या बोगद्यांचा आणि चढाचाही अभ्यास करावा. तिसऱ्या वर्षी प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली दोर, गाठी आणि लहान कातळ. चौथ्या वर्षी, आणि ज्यांनी पहिली तीन वर्षे पुरी केली त्यांनाच, हिमालयातील एक सोपी पदयात्रा. पुढे वयाची अट पुरी झाल्यावर ज्याला हवे त्याने प्रशिक्षणसंस्थेत जावे, आणि आल्प्सला जाण्याचा योग आला तर तेथल्या वाटाड्याचे बोलणे समजण्याइतकी तयारी त्याच्याजवळ असेल.

या क्रमात मी एक अट घालीन. प्रत्येक सहलीत परत फिरण्याची वेळ आधी ठरलेली असावी. दुपारी एक म्हणजे एक. माथा शंभर पावलांवर राहिला असला तरी परतायचे. आणि शाळेच्या फलकावर जेव्हा माथ्यावर पोहोचलेल्या तुकडीचे अभिनंदन लिहिले जाईल, तेव्हा वेळेवर परत फिरलेल्या तुकडीचेही तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहावे. मुले कशाला मान मिळतो हे पाहून शिकतात. आपण केवळ शिखराला मान दिला तर ती हट्ट शिकतील. निर्णयालाही दिला तर विवेक शिकतील.

माजी विद्यार्थ्यांना माझी प्रार्थना आहे की, या कामासाठी त्यांनी सढळ हाताने मदत करावी. चांगले दोर, शिरस्त्राणे, प्रथमोपचाराच्या पेट्या आणि दोन-तीन शिक्षकांचे रीतसर प्रशिक्षण, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. आपल्यापैकी जे डॉक्टर आहेत त्यांनी प्रथमोपचार शिकवावा, जे अभियंते आहेत त्यांनी नकाशा. मुले तुमची वाट पाहत आहेत.

गुरुजींच्या स्मृतीला वंदन करून मी आपली रजा घेतो.